तानुबाईचा पट्टा-आरा

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत तानुबाईबद्दल अशी बोलवा आहे, की चौसष्ट सालच्या पोळ्याला तिनं नवऱ्याची दोन बोटं आऱ्यात कापली आणि भुशाबरोबर चुलीत घातली. स्टेशनाजवळच्या हॉटेलात ही गोष्ट चहाबरोबर फुकट मिळते. सांगणारा स्वतःची दोन बोटं मुडपून दाखवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला समजायला जड जाऊ नये.

खरं असं आहे, की देवमनची सगळी बोटं जागेवर आहेत आणि त्यांतली निम्मी दिवसभर तंबाखू मळण्यात गुंतलेली असतात. कापला गेला तो त्याच्या धोतराचा सोगा. तोही पोळ्याच्या महिनाभर आधी, अमरावतीच्या दुकानात, आणि आऱ्यात दिला तो त्याचा त्यानंच. तानुबाईनं फक्त बटण बंद केलं.

देवमन म्हणजे तानुबाईचा नवरा, धंद्यानं वाढई. पुण्याकडचे ज्याला सुतार म्हणतात तो. घरामागं टिनाची शेड, तेच दुकान. वर्षभर पाळणे आणि पोळपाट, आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकांवरचे बैल ओढत मिरवतात, ते हे. फळीवर कोळशानं बैल काढायचा तानुबाईनं, कापायचा देवमननं, घासून रंगवायचा पुन्हा तानुबाईनं. वशिंड, मान, पोट, सगळा वळणाचा मामला, आणि देवमन तो जन्मभर हातकरवतीनं कापत आला. मग त्याचा उजवा खांदा बसला. पाण्याचा गडवा उचलतानासुद्धा तो आईची आठवण काढू लागला.

तेव्हा तानुबाईच्या भावानं अमरावतीत जिनावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, चौकीदारीची जागा पाहून ठेवली. शेड मोडायची, टिनं विकायची, देवमनच्या हातात काठी द्यायची. देवमन फाटकावर बसला तर जीन सकाळी जागेवर सापडेल, अशी तानुबाईला खात्री नव्हती. शिवाय शेड गेली तर कोळशाचे बैल काढायचे कशावर? भिंतीवर काढून पोट भरत नाही.

“मशीन घेऊ,” ती म्हणाली.

म्हणजे पट्टा-आरा. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारा दातांचा लांब पट्टा. फळी हातानं वळवावी तसा तो वळणं कापत जातो, खांद्याला काम नाही. लोक त्याला बँडसॉ म्हणत. देवमन ‘बँडसाहेब’ म्हणायचा, आणि चेष्टेनं नाही.

आता मशीन निवडायचं कसं, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तानुबाई तेल्हाऱ्याची, बाप बैलबाजारात मुरलेला. जुपून पाहिल्याशिवाय बापानं कधी बैलाचं दावं हातात घेतलं नाही. तिनं बाभळीचा एक गाठाळ, वाकडा ठोकळा पोत्यात घातला, पोतं देवमनच्या चांगल्या खांद्यावर दिलं, आणि निघाली.

पहिली गाठ वस्तीतल्याच किसनरावांशी. त्यांची लाकडाची गिरणी बंद पडली होती आणि जुनं मशीन स्वस्तात जात होतं. किसनरावांनी ते चालू केलं. ठोकळा टेकला मात्र, पट्टा चाकावरून उतरला आणि सापासारखा वळवळत अंगणात गेला. कोंबड्या उडाल्या.

“पट्टा नवा टाकला का झालं,” किसनराव म्हणाले.

“आन चाक डुलून राह्यलं ते?”

“चाक बी बदलून घेजा.”

“मंग तुमी काय इकून राह्यले भाऊ, मधातलं भोक?”

दुसरी गाठ अकोल्यात. पॅसेंजरनं गेले. दुकान काचेचं आणि विकणारा पुण्याचा, इस्त्रीचा. मशीन परदेशी, माणसाहून उंच. देवमन त्याच्यापुढं उभा राहिला आणि वहाणा काढल्या.

“काकू, तुम्ही नुसतं पाहा हं, घेण्याचा आग्रह नाही,” विकणारा म्हणाला, आणि त्यानं देवदाराची एक मऊ फळी लोण्यासारखी कापून दाखवली. “याला फक्त थ्री फेज कनेक्शन लागतं. ते आपल्याकडे असेलच.”

“हाय ना,” देवमन म्हणाला. थ्री फेज म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, पण नाही म्हणायला जीव होत नव्हता.

“काय हाय?” तानुबाई म्हणाली. “आपल्या घरी एक बलब हाय. तो बी खुशी असली तं पेटते.” मग तिनं पोत्यातून ठोकळा काढून टेबलावर ठेवला. “हे कापून दाखवा, भाऊ.”

विकणाऱ्यानं ठोकळ्याकडं सोयऱ्यानं आणलेल्या वांग्यांकडं पाहावं तसं पाहिलं. “काकू, हे लाकूड जरा... ग्रामीण आहे.”

“आमी बी ग्रामीनच हाओ. आमचे बैल बाभयीचे असतेत, देवदाराचे नसतेत.”

त्यानं कापून दाखवलं नाही. तानुबाईनं ठोकळा पोत्यात टाकला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत देवमन नुसती तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, “तुले मोठं काई पाहावतच नाही वं.”

“कशी नाही पाहावत? तुमाले पाह्यलं ना इतके वर्सं.”

तिसरी गाठ अमरावतीला, खुशालरावांच्या दुकानात. त्यांच्याकडचं मशीन पंजाबात ओतलेलं, पोपटी रंगाचं, आणि रंग असा की पोपटानंही तोंड फिरवावं. चाकं बेताची, मोटर एका हॉर्सपॉवरची, घरच्या लाइनीवर चालणारी. किंमत किसनरावांच्या वर, अकोल्याच्या बरीच खाली.

“रंग खराब हाय, लोखंड चांगलं हाय,” खुशालराव म्हणाले. “घ्याचं असन तं घ्या. नाही तं च्या पेऊन जा.”

तानुबाईला हा माणूस पटला. तिनं ठोकळ्यावर कोळशानं बैलाची पाठ काढली आणि पुढं केला. मशीन कण्हलं, धापा टाकू लागलं, जळक्या बाभळीचा वास सुटला. पण पट्टा चाकावरून हलला नाही, आणि गाठीतूनसुद्धा कोळशाची रेघ धरून गेला. वेळ लागला. तानुबाईनं तो लागू दिला. कौतुकानं देवमन जवळ वाकला तो याच वेळी, आणि धोतराचा सोगा गेला तोही याच वेळी.

भाव करायची वेळ आली तेव्हा तानुबाईनं तोच कापलेला सोगा उचलून स्वतःच्या आणि खुशालरावांच्या हातांवर पसरला. बैलबाजारात दलाल असेच रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. बाईमाणसानं असं केलेलं खुशालरावांनी पाहिलं नव्हतं, पण तेही बाजारातलेच. दोघं छताकडं पाहत राहिले, सोग्याखाली बोटं हलत राहिली. एकदा खुशालरावांना घाम आला. भाव किती झाला ते आजवर देवमनलाही कळलेलं नाही. तानुबाईच्या दोन्ही बकऱ्या मात्र त्या आठवड्यात गेल्या.

मशीन शेडमध्ये बसलं आणि बैल भराभर निघू लागले. अमरावतीत खेळणी विकणाऱ्या माणिकबाईनं छकडाभर बैल सांगितले होते. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ती छकडा घेऊन येणार होती. बैल तयार असले तर शेड राहिली, नसले तर चौकीदारी. त्या दिवशी दुपारनंतर लाकडी बैलाला कुत्रं विचारत नाही. मधे दिवसामागून दिवस वीज गेली आणि पोळा उजाडला तरी निम्मे बैल फळीतच होते.

त्यात पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. देवमनकडं बैल नव्हता. त्यानं विचार केला, आपल्यासाठी खांदा कोण झिजवतं? तो शेडमध्ये गेला आणि त्यानं पट्टा-आऱ्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही चाकांना, पट्टा बसतो त्या रबरी धावांना, मन लावून तूप-हळद चोळली. “आवतन घ्या, उद्या जेवाले या,” म्हणाला, आणि मोटरीवर झूल टाकली.

पोळ्याच्या सकाळी तानुबाईनं बटण दाबलं. चाक गरगर फिरलं, पट्टा ढिम्म. नुसता घसरत राहिला आणि तुपाचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडाले.

“काय केलं हो तुमी?”

“खांदशेकणी केली. आज त्याले जुपाचं नाही. आज पोया हाय.”

“त्याले खांदा हाय, पोट नाही. आपल्याले पोट हाय.”

“संध्याकायी तोरन तुटून पोया फुटेलोक मी हात नाही लावत,” देवमन म्हणाला आणि टोपी घालून गावातले बैल पाहायला गेला.

इथं मला यावं लागतं, कारण कुंपणावर जे रिकामे लोक जमले होते त्यांत मी होतो. मी तानुबाईला म्हणालो, “काकू, उद्या माणिकबाईचा छकडा भरला तं मी बैल होतो. गयात घुंगरं बांधा आन ओढाले लावा.”

“ऐकलं का सगळ्यायनं?” तानुबाई कुंपणाला म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग तिनं चुलीतली राख आणली, रिठ्याचं पाणी केलं, पट्टा उतरवला आणि दोन्ही चाकं सणाच्या कढईसारखी घासली. पुसली, उन्हानं वाळवली, पुन्हा पुसली. पट्टा चढवताना तो दोनदा निसटला. तेव्हा तिनं खुशालरावांच्या घराण्याबद्दल जे काढलं ते इथं लिहिता येत नाही, आणि मला पाठ असून घरी म्हणता येत नाही. तिसऱ्यांदा पट्टा बसला. गाव पोळ्यात नाचत होतं आणि शेडमध्ये मशीन कण्हत होतं, हळूहळू, रेघ धरून. दिवस कलला, तोरण तुटलं, पोळा फुटला, तसा देवमन पळतच आला, झुलीची घडी केली आणि डाव्या हातानं फळ्या सरकवू लागला.

सकाळी छकडा भरला. वरून दोन बैल बसेनात, तर माणिकबाईनं ते मांडीवर घेतले. जिनावर दुसरा माणूस ठेवायचा भावासाठीचा निरोप तानुबाईनं गाडीवानापाशीच दिला.

छकडा हलायच्या आधी तिनं माझ्या गळ्यात घुंगरमाळ बांधली, सगळ्यांत थोरल्या लाकडी बैलाची दोरी माझ्या कमरेला अडकवली, आणि मी सगळी जुनी वस्ती ओलांडून मारुतीपर्यंत तो ओढत नेला. मागं पोट्ट्यांची ही गर्दी. परत आलो तेव्हा ती दारात उभी होती. तिनं मला एक चक्कर मारून पाहिलं आणि गंमत पाहायला छकड्यात थांबलेल्या माणिकबाईला म्हणाली, “चालते बरा. पण तोंड लय वाजवते, बाजारात कोनी घेनार नाही.”