आईचा नारळ

क्रूझला जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच: समुद्राला वाहायचा नारळ बंदराच्या फाटकाबाहेरच वाहा.

घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर आईला मुंबईहून गोव्याला बोटीनं घेऊन गेलो. पंचगंगेला नारळ दिल्याशिवाय ती कधी नावेत बसली नव्हती, म्हणून पिशवीत नारळ होताच. तपासणीत रक्षकानं तो काढून कचऱ्याच्या पिंपात टाकला.

"आवो पावणं, द्येवाचा हाय त्यो!" आई ओरडली. मागची रांग हसली.

"काकू, नियम आहे."

बोटीत आईनं खिडकीचा पडदा शेवटपर्यंत उघडू दिला नाही. "समिंदराला काय दिलं न्हाय की रं," एवढंच म्हणत राहिली.

घरी परतल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, "समिंदर कसा हाय वो?"

"माझ्या पोराला इचारा," आई म्हणाली.