नुसता कडक माल

"सर्टिफिकेटवर सही करा, इंजिनिअरसाहेब. माल कडक हाय की! अजून काय पायजे?"

कारखान्याच्या मालकांनी टेबलावरच्या फ्लँजवर टिचकी मारली. फ्लँज म्हणजे टाकीला पाइप जोडायची जाडजूड पोलादी कडी. ही टाकी होती द्रव ऑक्सिजनची, एका हॉस्पिटलच्या आवारात बसणार होती. आत उणे एकशे त्र्याऐंशी डिग्री. एवढ्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं तडकतं, म्हणून यात निकेल घालतात. पण तेवढ्यानं भागत नाही. आधी लाल तापवून पाण्यात बुडवायचं, ते क्वेंचिंग. त्यानं पोलाद कडक होतं. मग कमी आचेवर पुन्हा तापवायचं, ते टेम्परिंग. त्यात कडकपणा थोडा उतरतो, पण चिवटपणा येतो. घाव सोसायचा तो चिवटपणानं.

मालकांनी टेम्परिंगच गाळलं होतं.

"कडक झालेला माल परत मऊ करायचा? वर गॅस जाळून? कुणी शिकवलं हे?"

"कॉलेजात शिकवलं, मालक."

"तरीच! बाप सांगोल्यात मेंढरं राखतोय, आन् पोरगं आमाला स्टील शिकवतंय."

ऑफिसातले दोघं खो खो हसले. माझं टाळकं सरकलं. बापानं मेंढरं राखली म्हणून घरातला पहिला पदवीधर मी झालो. त्याची लाज मला कशाला? लाज वाटावी ती पेशंटच्या ऑक्सिजनवर गॅस वाचवणाऱ्याला.

"थंडीत टेस्ट घेऊ," मी म्हणालो. "पास झाला तर सही."

"सोलापुरात उणे डिग्री कुटनं आणताय?"

आणली. माझा एक मित्र गावोगाव गाई भरवतो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. बैलाचं वीर्य ज्या कॅनमध्ये गोठवून ठेवतात, त्यात द्रव नायट्रोजन असतो, ऑक्सिजनहूनही थंड. त्यानं जास्तीचा कॅन आणून दिला. त्याच लॉटच्या दोन पट्ट्या घेतल्या, दोन्हींना खाच पाडली. एक होती तशी. दुसरी मी टेम्पर केलेली. दोन्ही नायट्रोजनमध्ये बुडवल्या आणि एकेक करून व्हाइसच्या जबड्यात आवळल्या.

"हाणा हातोडा, मालक."

पहिली पट्टी टक्कन तुटली. दुसरी वाकली, तुटली नाही.

मी डब्यातली कडक भाकरी काढली आणि मालकांसमोर मोडली. "ही पण कडकच हाय की."

सगळा लॉट परत भट्टीत गेला. बाहेरच्या लॅबमध्ये पास झाला, तेव्हाच मी सही केली. टाकी बनवणारी पार्टी माल बघायला आली, तर मालक ऐटीत सांगतायत, "आमच्याकडं टेम्परिंगबिगर माल गेटाभाईर जात न्हाय." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मेंढरांचा विषय मात्र परत निघाला नाही.

हल्ली कुणी "लई कडक माल" म्हटलं की मी आधी विचारतो, किती थंडीत?