सोहळ्यासाठी राखून ठेवलेला हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं एक दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मास्तरीण. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण गल्लीत मी नुसती बाई.

मास्तर दिसायला किरकोळ. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि जगाबद्दल एकच ठाम मत: रेडिमेड शर्ट म्हणजे परक्या माणसाचा शर्ट. रस्त्याने जाताना कुणाचा खांदा उतरलेला दिसला की ते थांबून हळहळत. दुकानासमोरच्या चौकापलीकडे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दरवर्षी नवी मुलं आली की पांढरे एप्रन शिवायला मास्तरांकडे रांग लागायची. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाह्या ते मुद्दाम थोड्या लांब ठेवत. "अजून वाढायचीत लेकरं," म्हणत.

"त्यातली बरीचशी मोठी डॉक्टर झाली," मास्तरीण म्हणायची, "वाढलेली मात्र मी फार थोडी पाहिली."

एप्रनचं कापड ते विजेच्या कात्रीने कापत. बरेच थर एकावर एक घालायचे आणि एकदम पातं फिरवायचं. एकदा थर सरकला आणि पातं मास्तरांच्या उजव्या हातावरून गेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तुटली. मास्तरीण रडली नाही. शेजारच्या सरबतवाल्याकडचा बर्फ तिने पिशवीत घेतला, तुटलेली बोटं स्वच्छ रुमालात आणि मग वेगळ्या पिशवीत गुंडाळून त्यावर ठेवली आणि नवऱ्याला रिक्षात घालून समोरच्याच महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं. तिथल्या शल्यचिकित्सकांनी ती बोटं जोडली. बारीक शिरा एकेक करून शिवल्या. ते काम खरोखर मोठं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची आहेत ती पुढच्या कामाला.

जखमा भरल्या. बोटं गुलाबी दिसू लागली. मास्तर ग्लास उचलू लागले. ग्लास उचलल्याबरोबर विभागप्रमुखांच्या ध्यानात आलं की हा नुसता हात नसून यश आहे. मग फोटो निघाले. हातात ग्लास, हातात चेंडू, हातात पेन. मास्तरांना लिहायचा कंटाळा, जन्मात पेन कधी मनापासून धरलं नाही, पण फोटोत ते कवीसारखे दिसतात. या फोटोंची मांडणी करून एका विद्यार्थिनीने परिषदेत बक्षीस मिळवलं. रोज मलमपट्टी करायला तीच येई. मास्तरीण तिला बुटकी डॉक्टरीण म्हणे, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते चाले.

मास्तरही सुरुवातीला हुरळले होते, हे सांगायला हवं. दुकानात येणाऱ्याला आधी हात दाखवायचे, मग माप घ्यायचे. माप मास्तरीण लिहून घ्यायची. कारण एकच अडचण राहिली होती. अंगठा आणि पहिलं बोट पुरतं वाकत नव्हतं. ग्लास धरता येई, कात्री धरता येत नव्हती. आणि शिंप्याला ग्लास धरून काय करायचंय?

बुटक्या डॉक्टरणीने तपासून सांगितलं, "मास्तर, आतला स्नायूचा दोर व्रणाला चिकटलाय. एक छोटं ऑपरेशन करून तो सोडवायचा. मात्र फार थांबू नका, सांधे आखडले की मग उपयोग नाही."

मास्तर विभागप्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी हात उलटासुलटा करून पाहिला, एखाद्या गिऱ्हाइकाने कापड पाहावं तसा.

"उत्तम आहे हात."

"कात्री धरवत नाही, साहेब."

"धरवेल. आपला गुणगौरव सोहळा होऊ द्या. तिथं हा हात दाखवायचाय. आत्ता त्याच्यावर पट्टी बांधून कसं चालेल?"

मास्तर घरी येऊन म्हणाले, "सोहळ्यानंतर करतील." मास्तरीण म्हणाली, "मग काय, नवरदेव झाला म्हणायचा तुमचा हात. वरात निघेपर्यंत कोणी शिवायचं नाही."

वरात काही निघेना. आधी प्रमुख पाहुणे परदेशी गेले. तारीख पुढे गेली. मग पाहुण्यांना सर्दी झाली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहुण्यांना सर्दी होते आणि तिच्यापायी शिंप्याचा अंगठा आखडतो, असं वैद्यकशास्त्र मी पहिल्यांदाच पाहत होते. नवी मुलं येण्याचे दिवस जवळ आले. एप्रन कोण कापणार, हा प्रश्न मास्तर कुणाला विचारत नसत. नुसते कोपऱ्यातल्या कापडाच्या तागाकडे पाहत बसत.

अखेर पाहुणे मोकळे झाले. मला मास्तरणीने सोबत नेलं. "बाई, तुम्ही चला. मला एकटीला हसू आवरायचं नाही."

सभागृहात चकचकीत पुस्तिका वाटली होती, वर्षभराच्या यशाची. एका प्राध्यापकाने परिषदेत निबंध वाचला होता, दुसऱ्याने त्या वेळी अध्यक्षस्थान भूषवलं होतं आणि तिसऱ्याने त्या दोघांची निवड केली होती. तिघांना सन्मानचिन्हं. ग्रंथालयाला नव्या खुर्च्या मिळाल्या म्हणून ग्रंथपालांचा सत्कार. एका विद्यार्थ्याने बुद्धिबळात दुसरा क्रमांक मिळवला होता, त्याचा सत्कार आटोपशीर झाला, कारण तो खरंच जिंकला होता. मी शाळेत दुसरीच्या वर्गात प्रत्येकाला काही ना काही बक्षीस द्यायची, कुणी रडू नये म्हणून. पण ती मुलं सात वर्षांची होती.

मग मास्तरांना मंचावर बोलावलं. सकाळीच प्रमुखांनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं, "आज नीट पार पडू दे, मग तुमचं काम करू." ग्लास उचलून मास्तर पाणी प्यायले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी प्यायल्याबद्दल एवढ्या टाळ्या मी आजवर ऐकल्या नव्हत्या. बुटकी डॉक्टरीण बक्षीस घेऊन शेजारी उभी होती. ती मान खाली घालून चपलांकडे पाहत होती.

इथवर सगळं ठरल्यासारखं झालं. पण पाहुण्यांना बोलायची हौस.

"काय काम करता आपण?"

"शिवणकाम, साहेब."

"वा. मग आता पुन्हा कपडे शिवता ना?"

मास्तरांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख हसत होते, डोळे सोडून.

"हो, साहेब," मास्तर म्हणाले.

मास्तरीण माझ्या शेजारून उठली. आवाज चढवला नाही, दुकानात बोलते तशीच बोलली. "खोटं कशाला सांगता? कात्री धरता येत नाही तुम्हाला. हात दाखवायचा म्हणून ऑपरेशन थांबवलंय यांनी."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. पण सूत्रसंचालक कसलेला होता. "कुटुंबीयांच्या भावना अनावर झाल्या आहेत," तो माईकमध्ये म्हणाला, "जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि टाळ्या झाल्या. शिकलीसवरलेली, शरीराचं हाड न् हाड पाठ असलेली माणसं त्या बाईच्या तक्रारीला टाळ्या वाजवत होती. एकाने डोळेसुद्धा पुसले.

मास्तरीण खाली बसली. "बघा," मला म्हणाली, "मी शिव्या घातल्या असत्या तर हार घातला असता."

चहाच्या टेबलापाशी आम्ही कोपऱ्यात उभ्या होतो. पाहुण्यांनी बिस्किट बुडवता बुडवता बुटक्या डॉक्टरणीला सहज विचारलं, "त्या बाई काय म्हणत होत्या?"

प्रमुख पुढे सरसावले, पण तिने आधीच उत्तर दिलं. "हाताला अजून एक ऑपरेशन हवंय, सर. आम्ही तुमच्या तारखेसाठी थांबलो होतो."

पाहुण्यांचं बिस्किट चहात पडलं. प्रमुख म्हणाले, पुढच्याच आठवड्यात करणार आहोत, ठरलेलंच आहे. पाहुणे म्हणाले, छान. बुटक्या डॉक्टरणीचं ते उत्तर म्हणजे मास्तरांच्या हातासाठी त्या महाविद्यालयात चारचौघांत कुणी काढलेला पहिला सरळ शब्द.

ऑपरेशन झालं, पण कागदोपत्री ती 'नेहमीची तपासणी' होती. पुस्तिकेत पूर्ण बरा छापलेला हात पुन्हा उघडला असं लिहिणार कसं? बुटकी डॉक्टरीण मदतीला होती. तिने टाके काढताना स्पष्ट सांगितलं, दोर सुटलाय, पण सांधे बरेच आखडलेत. आधी केलं असतं तर बोट पुरतं वाकलं असतं. आता अर्धं वाकतं. त्याबद्दल प्रमुखांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनाही विचारावंसं वाटलं नसावं.

अर्ध्या बोटाने मास्तर पातळ कापड कापतात. एप्रनचं जाड कापड त्यांना झेपत नाही. या वर्षी नव्या मुलांचे एप्रन मास्तरणीने कापले. विजेची कात्री तिने विकून टाकायला लावली आणि हाताने चालवायची मोठी कात्री घेतली. मास्तर बाजूला बसून मापं सांगतात, आणि माप सांगून झालं की सल्ले देतात.

परवा मी गेले तेव्हा तिने ताग पसरला होता.

"बाही लांब ठेव गं," मास्तर म्हणाले. "अजून वाढायचीत."

"काही वाढत नाहीत. मनगटाशी कापते."

"आणि जरा सरळ काप."

"तुम्ही बोला," ती कात्री न थांबवता म्हणाली, "जीभ तेवढी तुमची मूळचीच आहे."