हंसापुढे पळणारा गृहस्थ

नॉर्मन पिल्बीम वेल्बरी गावचा दोनदा नगराध्यक्ष झाला होता, आणि गावाला याचा विसर पडू नये याची काळजी तो स्वतःच घ्यायचा. खाटकाकडे सॉसेज घ्यायला उभा राहिला तरी "आमच्या कारकिर्दीत" अशी सुरुवात करून तो पुलावरच्या दिव्यांपर्यंत पोचायचा. दिवे त्यानेच लावले होते. त्यातले निम्मे पेटत नसत, ते खापर मात्र तो नंतरच्यांच्या माथी मारायचा.

नदीकाठच्या जुन्या धान्यकोठारात गावाचं संग्रहालय आहे. नॉर्मनने तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. उलट खुर्चीवर असताना त्याचं अनुदान बंद करायचा ठराव आणला होता. फुटक्या किटल्या पाहायच्या असतील तर लोकांनी आपापल्या माळ्यावर चढावं, असं तो भर सभेत म्हणाला होता. ठराव पडला. संग्रहालय चालवणारी म्युरिएल ऑशॉट ही त्याच्याच शाळेतली. त्या दिवसापासून ती त्याला रस्त्यात दिसली की हसून हात करायची. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सत्तरी उलटल्यावर त्याच्या कानावर आलं की संग्रहालयात गावातल्या माणसांचं नवं दालन उघडलंय. सहज चक्कर मारून येतो, असं त्याने बायकोला, डोरीनला, सांगितलं. त्या सहज चकरेसाठी त्याने टाय बांधला. डोरीनने गाठ तेवढी सरळ करून दिली.

दालनात मालवाहू नाव हाकणाऱ्या बाईचे बूट होते. पुरात गच्चीवरून पाव वाटणारा बेकरीवाला होता. खाटकाच्या आजोबांना तर अख्खं कपाट दिलं होतं. नॉर्मन प्रत्येक पाटी वाचत पुढे सरकला. शेवटी खिडकीजवळ त्याला एक मोठा फोटो दिसला. नौकाशर्यतीचा दिवस, मान ताणून धावणारा हंस, आणि त्याच्यापुढे धूम ठोकणारा पाठमोरा माणूस, गळ्यातली नगराध्यक्षाची साखळी खांद्यावरून मागे उडालेली. खाली लिहिलं होतं: 'कर्नल. या हंसाने अनेक वर्षं धक्क्यावर राज्य केलं. सोबत एक अनोळखी गृहस्थ.'

"म्युरिएल, हा मी आहे," नॉर्मन म्हणाला.

तिने सावकाश चष्मा लावला. "असशीलही. साखळी ओळखू येते रे. माणूस नाही येत."

नॉर्मनचे कान लाल झाले. गावाच्या इतिहासात हंसाला हुद्द्यासकट नाव, आणि आपण अनोळखी! त्याने संग्रहालयाच्या समितीकडे दाद मागितली. समितीत म्युरिएल, तिची बहीण आणि एक बहिरे पाद्री होते. त्यांनी मागणी लगेच मान्य केली आणि नवी पाटी कशी असेल तेही कळवलं: 'नगराध्यक्ष नॉर्मन पिल्बीम, हंसापुढे पळताना.'

तो घरी येरझाऱ्या घालायला लागला. 'हंसासोबत' लिहा म्हणावं का, असं त्याने डोरीनला विचारलं. ती वाटाणे सोलत होती.

"सोबत कुठे होतास? तू पुढे होतास," ती म्हणाली. "लिहू दे की. नाहीतर अनोळखी राहा."

नॉर्मनने नाव निवडलं.

पाटी लागली तशी गावात त्याची किंमत वाढली, पण भलत्याच कारणाने. खाटक आता दिव्यांचं काही ऐकून घेईना, हंसाचं विचारी. आधी नॉर्मन चिडला. मग एका परगावच्या बाईने फोटोपाशी त्याला ओळखलं आणि खरंच चावला का, असं विचारलं. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. हंस केवढा होता, ते त्याने दोन्ही हात पसरून दाखवलं. ती हसली, तिच्यामागचे दोघे थांबले. कित्येक वर्षांत त्याचं बोलणं कोणी असं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

रविवारी तो स्वतःहून संग्रहालयाच्या दारावर उभा राहायला लागला. म्युरिएलने त्याला छातीवर लावायचा बिल्लाही दिला. पण तो माणसांना बोलण्यात असा गुंतवायचा की कोणी पुढच्या दालनात पोचतच नसे, आणि तिथे तिने हौसेने मांडलेल्या मातीच्या भांड्यांकडे कुत्रं फिरकेना. तेव्हा तिने त्याला चहाच्या टेबलावर बसवलं. तिथे तो केक कापतो. तुकडे पातळ कापतो, अशी लोकांची तक्रार आहे.