दोन मार्कांनी हुकलेला तज्ज्ञ

आमच्या गावात कुणाला त्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेबद्दल काही विचारायचं असलं, की लोक माझ्याकडे येत. मी त्या शाळेत शिकलो म्हणून नव्हे, तिथे जाता आलं नाही म्हणून. चिखली तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून त्या परीक्षेला बसलेला पहिला पोरगा मी, आणि 'दोन मार्कांनी हुकला' ही माझी ख्याती. परीक्षा पाचवीत, आयुष्यात एकदाच देता येते. त्यामुळे पुन्हा बसून ख्याती घालवायची सोयही नव्हती.

खरं तर त्या परीक्षेचे मार्क कुणाला कळवतच नसत. यादीत नाव असायचं किंवा नसायचं. दोन हा आकडा मी यादी पाहून परत येताना एसटीत बसल्या बसल्या ठरवला. एक म्हटलं असतं तर कुणाला पटलं नसतं, आणि पाच म्हटलं असतं तर मार बसला असता.

पुढे मी भाजीच्या रोपांची नर्सरी टाकली. मिरची, टमाटे, वांगी. शेडनेटखाली ट्रे, ट्रेमध्ये कप्पे, कप्प्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात बी. मुलगी पाचवीत गेली. एका लग्नाला जाताना जीपमधून तिने त्या शाळेचं मैदान पाहिलं होतं. तिथे मुली बास्केटबॉल खेळत होत्या. "मले इथंच शिकायचं," असं तिने जीपमध्येच जाहीर केलं आणि पुढचं वर्षभर ती त्यावरून हलली नाही.

परीक्षेचं स्वरूप बदललं आहे, म्हणून मुलीच्या शाळेतल्या मॅडमनी पालकांची सभा बोलावली. मी गेलो नाही.

"काऊन नाई गेले?" बायकोने विचारलं.

"मी ती परीक्षा दिलेला माणूस हाये. मले काय सांगतीन त्या?"

"दिलेला हाये, पास झालेला नाई."

"दोन मार्कांनी!"

सभेत वाटलेला सूचनांचा कागद मुलीने घरी आणला. "पप्पा, आता चौकटीत आकडा नाही लिहायचा. गोल काळा करायचा, पेनानं. खोडता येत नाही." मी कागद हातात घेतला, "बरं, बरं," म्हटलं आणि ठेवून दिला. गोल म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात एक कल्पना चमकली होती. माझ्या कल्पना चमकल्या की बायको ट्रे मोजून ठेवते, उगाच नाही.

ट्रेचा कप्पा गोलच असतो. मी कोकोपीट भरलेला एक ट्रे घेतला, एका ओळीतले चार कप्पे म्हणजे एका प्रश्नाचे चार पर्याय असं ठरवलं आणि उरलेले कप्पे वर्तमानपत्राने झाकले. मुदत संपलेलं मिरचीचं बी होतंच. मी प्रश्न वाचायचा, तिने बरोबर पर्यायाच्या कप्प्यात बी टाकायचं. हात चुकला की बी परत निघत नाही, तसंच पेनाचं. ही पद्धत मला इतकी आवडली, की मी दोन गिऱ्हाइकांना रोपं द्यायच्या आधी ती समजावून सांगितली. त्यांनी रोपं मोजून घेतली आणि ते गेले.

नर्सरीवाल्याचा हात म्हणजे हात असतो. बी जुनं असलं की आम्ही कप्प्यात दोन टाकतो. एक नाही उगवलं तर दुसरं उगवतं. एका गणिताला मुलगी दोन पर्यायांमध्ये अडकली, तेव्हा मी सवयीने म्हणून गेलो, "शंका हाये ना? मग दोन्हीत टाक." तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्हीत टाकलं. असं बऱ्याचदा झालं. दुसरा धडा मी दिला तो माझ्या काळातला, आमच्या गुरुजींनी दिलेला. "अजिबात येत नसलं तर सोडून दे. चुकलं की मार्क कापतात."

परीक्षा चिखलीला, हिवाळ्यातल्या एका सकाळी. ती आत गेली, गेट बंद झालं, आणि मी सुपारीसाठी जाकिटाच्या खिशात हात घातला. हाताला बियाची पुडी लागली. सरावाच्या वेळी मी बी कुठल्याशा कागदात बांधलं होतं. पुडी उघडली तर आत छापील अक्षरं. तो मॅडमचा सूचनांचा कागद होता.

'एका प्रश्नासाठी एकापेक्षा जास्त वर्तुळे काळी केल्यास उत्तर बाद समजले जाईल.' खाली: 'चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा केले जाणार नाहीत.' दोन ओळी, आणि मी इतके दिवस शिकवलेलं सगळं त्यात वाहून गेलं.

मी गेटवरच्या शिपायाकडे धावलो. "भाऊ, एक निरोप द्या फक्त. आत माझी पोरगी हाये. तिले सांगा, एकच गोल!"

"काका, परीक्षा तिची हाये का तुमची?"

"माझी झालेली हाये."

"मंग बसा न सावलीत. तुमची होऊन गेली, तिची होऊ द्या."

मी सावलीत बसलो. दोन तास बियाचे दाणे बोटांत फिरवत राहिलो.

ती हसत बाहेर आली. आधी म्हणाली, "कचोरी." मी म्हटलं, "आधी सांग, दोन-दोन गोल केले का?"

"नाही."

"पण मी तर तुले दोन टाकायले..."

"पप्पा, आपण दोन टाकतो, पण उगवल्यावर एक उपटतो ना? मी पेन लावायच्या आधीच उपटलं."

मला इतकं बरं वाटलं, की मी दोन कचोऱ्या सांगितल्या. ती खाता खाता म्हणाली, "तीन प्रश्न सोडले फक्त. बिलकुल येत नव्हते." ते तीन प्रश्न डोळे मिटून काळे केले असते तरी काही बिघडलं नसतं. एखादा लागलाही असता. मी माझी कचोरी तिच्यापुढे सरकवली. घरी बायकोला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "तिले सांगा." मी सांगितलं नाही.

पहिली यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ती रडली नाही, शेडनेटमध्ये जाऊन बसली. मी मागून गेलो. ती एका कडेच्या ट्रेसमोर बसली होती. सरावाचाच ट्रे. बायकोने बाकीच्यांबरोबर त्यालाही पाणी दिलं होतं, आणि मुदत संपलेलं ते बी उगवलं होतं. ओळीओळीने तिची उत्तरं हिरवी उभी होती, कुठे एक रोप, कुठे दोन कप्प्यांत दोन. चार ओळी मात्र रिकाम्या होत्या. जिथे 'सोडून दे' म्हटलं होतं, तिथे.

त्या रिकाम्या ओळींकडे पाहून मग मी सांगितलं. मार्क कापत नाहीत, तो कागद मी वाचला नव्हता, त्याची पुडी केली होती, सगळं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मॅडमनं दहादा सांगितलं होतं."

"मग काऊन सोडले?"

"तुम्ही म्हणाले होते. मॅडम कुठं बसल्या त्या परीक्षेले? तुम्ही दोनच मार्कांनी हुकले होते. मले वाटलं, तुमालेच जास्त माहीत असन."

आता पळायला जागा नव्हती. एवढ्या वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट मी त्या ट्रेसमोर सांगितली. दोन मार्क मीच एसटीत ठरवले होते. पेपरात मी एक अवघड प्रश्न सोडला होता, पण त्याची चौकट रिकामी सोडायला विसरलो. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक चौकट वर सरकली. शेवटी हातात एक चौकट जास्त उरली, तेव्हा कळलं. घंटा होईपर्यंत मी त्या चौकटीकडे पाहत बसलो होतो.

ती हसायला लागली, इतकी की बायको शेडनेटच्या दारात आली. "काय झालं वं?" मुलगी सांगायला गेली आणि तिला सांगताच येईना.

दुसऱ्या यादीत, खालून तिसरं, तिचं नाव आलं. जाताना तिने त्या ट्रेमधली रोपं परसात लावून घेतली. जोडीतलं एक रोप तिने स्वतः उपटलं.

आता कुणी परीक्षेबद्दल विचारायला आलं, की मी म्हणतो, मॅडमच्या सभेला जा. लोकांना वाटतं, पोरीचा नंबर लागल्यावर माणसाला भाव चढला. परवा होस्टेलवरून तिचा फोन आला. तिथे एका संध्याकाळी मुलींनी आपापल्या घरच्यांबद्दल काहीतरी सांगायचं होतं.

"मी तुमचं सांगितलं, पप्पा."

"काय, दोन मार्कांनी हुकले ते?"

"नाही," ती म्हणाली. "चौकट उरली ते."