पिशोरच्या सुनंदाची काच

मेलेल्या बाईला जिवंत लेकीची काळजी असते, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल ना? मीही हसले असते. भुताखेतांविरुद्धची पत्रकं वस्तीत वाटतच मी मोठी झाले...

छत्रपती संभाजीनगरात मी एका लॅबमध्ये काम करते. गावोगावच्या कॅन्सर शिबिरांतून बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचे नमुने काचेवर पसरून आमच्याकडं येतात. 'आढळले नाही' असा निकाल लागलेल्या काचांपैकी काही पुन्हा तपासायच्या, हे माझं काम.

एके दिवशी भर दुपारी एक बाई दारात आली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. "पिशोर गावच्या सुनंदाची काच बघ, मी तिची माय," म्हणाली. मी सांगितलं, मावशी, निकाल लागलाय, काही आढळलं नाही.

"दिसलं नाय, का मुळात नायच? दोन्ही एक नसतं, पोरी. चष्मा तर लई जाड हाय तुझा, मग बघाया काय जातंय?"

जरा रागच आला. तिला बाकड्यावर बसवलं, काच शोधली, मायक्रोस्कोपला डोळा लावला... नमुना टिकावा म्हणून काच लगेच अल्कोहोलात बुडवतात; ही त्याआधीच वाळली होती. पेशी फुगून पुसट झालेल्या. त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. 'नमुना पुन्हा घ्या' लिहायच्या जागी कुणीतरी 'आढळले नाही' लिहून मोकळं झालं होतं.

सांगायला बाहेर आले, तर बाकडं रिकामं.

सुनंदाला फोन करून बोलावलं, नवा नमुना घेतला. त्यात खराब पेशी निघाल्या. निकाल न्यायला ती आली तेव्हा मी म्हटलं, तुमच्या आईमुळं कळलं हे.

"माय? ताई, माय तर कवाच गेली. ह्याच आजारानं. तिच्या कागदावर बी असंच व्हतं, आढळलं नाय. आमी गूळ वाटला व्हता."

मोबाइलमधला फोटो तिनं दाखवला. तोच चेहरा, तेच गोंदण. आणि शिबिरात तपासून घेतल्याचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं...

सुनंदावर उपचार चालू आहेत. उशीर किती झाला, यावर डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. भुतांवर आजही विश्वास नाही. चीड मात्र आहे — आमचं काम आम्हाला सांगायला एका मेलेल्या आईला यावं लागलं, याची.

म्हणून एवढं कराच. घरातल्या बाईचा 'आढळले नाही' असा रिपोर्ट आला, तर नमुना तपासण्याजोगा होता का, हे लॅबला विचारा. नव्हता म्हणाले, तर नवा नमुना घेतल्याशिवाय तिथून उठू नका.