दहा टाचण्या

"आधी गोणी, मग मी, मग ही," असं म्हणत आमच्या समोरचे साहेब एकेक बोट दुमडून दाखवायचे. घरात पलंग येवो नाहीतर बाथरूममधलं स्टूल, त्यावर पहिल्यांदा तांदळाची गोणी बसणार, मग ते स्वतः. दोघांनाही ते टिकलं की मगच त्यांची बायको. आम्ही शेजारीपाजारी हसायचो, पण त्यांना त्याचं काही नसे.

भाईंदर पूर्वेची आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी घरी ब्लाउज शिवते, आणि माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, हे मीच सांगून टाकते. ते रॉकेटच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. पोरं विचारायची, "काका, तुम्ही चंद्रावर गेलात का?" "छे रे! तुझी काकू मला विरारच्या पुढे सोडत नाही."

मग ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उजव्या पायाला चिमटा काढला तरी कळायचं नाही. निवृत्तीला तीन वर्षं असताना साहेबांनी नोकरी सोडली. मी म्हटलं, "अहो, एवढी मोठी नोकरी!" तर म्हणाले, "वहिनी, रॉकेटला माणसं पुष्कळ आहेत." वेणी घालायला ते माझ्याकडूनच शिकले. तिन्ही पेड सारखे झाले नाहीत म्हणून पहिल्या दिवशी चार वेळा सोडली. ताई नुसत्या डोळ्यांनी मला म्हणत होत्या, बघा आता!

दीड वर्ष ताई जिना उतरल्या नव्हत्या. एकदा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेताना त्या घसरल्या आणि जी धास्ती घेतली ती घेतलीच. डॉक्टरसुद्धा घरीच येऊ लागले. आणि अशात लेकीचं लग्न ठरलं. ताईंनी डाव्या हाताने खूण केली, तुम्ही सगळे जा, मी इथेच. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन माझ्या दारात हजर. कागदावर खुर्ची, दोन बाजूंना उचलायचे पाइप, चार पट्टे, जाड गादी. "पट्टे आणि गादी तुम्ही शिवायची." सोबत काडेपेटीत टाचण्या. "दहा आहेत. काम झाल्यावर दहा मोजायच्या."

मी भडकले. "तीस वर्षं शिवतेय मी! टाचण्या काय गिळणार आहे?"

ते मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, नवीन असताना त्यांच्या हातून एक छोटा नट जोडकामात पडला होता. रात्रभर गप्प राहिले, सकाळी कारखान्यातल्या त्यांच्या साहेबाला सांगितलं. तीन दिवस सगळं काम उघडून बसावं लागलं. "आणि साहेबाने काय करावं? सगळ्यांसमोर मला पहिला चहा दिला. ओरडला असता तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडलं असतं का?"

गोष्ट चांगली होती, पण माझा राग गेला नव्हता. गादी देताना त्यांनी विचारलं, "मोजल्या?" मी न मोजताच म्हटलं, "दहाच्या दहा!" "तुमचा शब्द म्हणजे झालं," म्हणाले. मग खुर्ची तयार झाली आणि रविवारी तिच्यात बसून गोणी जिन्यावरून तीनदा खाली गेली आणि वर आली. त्यानंतर साहेब स्वतः खुर्चीत बसून खाली-वर करून आले. तळमजल्यावरचे जिग्नेशभाई म्हणाले, "अंकल, आप तो आराम से बैठे हो, हमारी कमर टूट गई!"

लग्नाच्या सकाळी ताई पैठणी नेसून खुर्चीत बसल्या, पट्टे बांधले, चौघांनी उचललं. मी माझा गजरा टाचायला म्हणून घाईघाईत ती काडेपेटी उघडली. नऊ.

पुन्हा मोजल्या. नऊच. मुहूर्ताला पाऊण तास, खाली गाडी उभी, आणि ज्या अंगाला काही कळतच नाही ते अंग माझ्या गादीवर! खरं सांगते, क्षणभर वाटलं, कुठेतरी पडली असेल घरात, कशाला बोला? लाज वाटत होती हो. पण जिन्यात जाऊन ओरडले, "थांबा! मी मोजल्या नव्हत्या! एक कमी आहे!"

खुर्ची दुसऱ्या मजल्यावर टेकली. "अरे, मुहूरत निकल जाएगा," जिग्नेशभाई म्हणाले. साहेबांनी पट्टे सोडले, ताईंना उचलून तिथल्याच एका घरात सोफ्यावर ठेवलं आणि माझ्याच कात्रीने गादी उसवली. टाचणी उजव्या बाजूला खोल आत होती, टोक वर. त्यांनी ती काडेपेटीत टाकली. "दहा. आधी वहिनींना चहा द्या कोणीतरी." मी तिथेच रडले. मग जिन्यावर बसून गादी हाताने शिवली, आणि ते समोर उभे राहून सुई बघत होते.

आता ते दोघं नाशिकला लेकीजवळ राहतात. तिथे लिफ्ट आहे. समोरच्या दाराला कुलूप बघून मला अजून करमत नाही.

मुहूर्त टळलाच त्या दिवशी. पण लेकीने गुरुजींना सांगून ठेवलं होतं, आई आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. गुरुजींनी कुरकुर करत पंचांग चाळलं आणि पुढची वेळ काढली. मंगलाष्टकं सुरू झाली तसे साहेब खाली बसले आणि त्यांनी ताईंचे पट्टे एकेक करून सोडले. शेवटचा सोडून ते तिच्यासमोर बसल्याबसल्याच मागे सरले. खुर्चीला हातसुद्धा लावला नाही. ताई डाव्या हाताची मूठ उचलून थोड्या पुढे झुकल्या. त्यांनी अक्षता टाकल्या. लेकीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत, सगळ्या साहेबांच्या डोक्यावर पडल्या. ताई खदखदून हसल्या, दीड वर्षांत पहिल्यांदा आवाज काढून, आणि लेकीने अंतरपाटाआडून विचारलं, "आई हसली ना? बाबा, ती आईच ना?"